नाळेतलं रक्त: बँकेत ठेवायचं की बाळाला द्यायचं?

घोडबंदर रोडच्या मावसबहिणीला सातवा लागलाय. पुढे बाळाच्या आजारात कामी येईल म्हणून नाळेतलं रक्त पैसे घेऊन साठवणारे खासगी बँकवाले मागे लागलेत, म्हणून हे लिहितोय.

खर्च: बँकेत हजारो रुपये, नाळ थांबून कापायला दमडीही नाही.

उपयोग: बाळाला थॅलॅसेमिया (रक्ताचा आनुवंशिक आजार) निघालाच, तर साठवलेल्या रक्तातल्या मूळपेशींतही (ज्यांपासून नवं रक्त तयार होतं) तोच जनुकीय दोष असतो. म्हणूनच आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) स्वतःसाठी रक्त साठवण्याची शिफारस करत नाही. भीती दाखवून पैसे घेणं मला गैर वाटतं. उलट नाळ जन्मानंतर १ ते ३ मिनिटांनी कापली, तर ठोके पडत असलेल्या नाळेतून रक्त बाळात उतरतं, लोहाचा साठा वाढतो. दोन्ही पुरेपूर जमत नाही.

मोठ्या भावंडाला थॅलॅसेमिया असेल तर रक्तविकारतज्ज्ञांना विचारून जरूर साठवा. १९८८मध्ये पॅरिसला एका आजारी मुलावर त्याच्या बहिणीच्या नाळेतल्या रक्तानेच असं पहिलं प्रत्यारोपण झालं. बाकीच्यांनी नाळ थांबून कापायला डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा.