गावातून हळद पाठवताना स्पीड पोस्ट: माझा अनुभव

समुद्रपूर तालुक्यात आमचं गाव. घरची वायगाव हळद मी दोन वर्षांपासून व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेऊन विकते. २०१६ मध्ये या हळदीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून लोक नाव घेऊन मागतात.

सुरुवातीला एका खासगी कुरियरकडे गेले. “तुमच्या पिनकोडवर पिकअप नाही, हिंगणघाटला आणून द्या.” एका पाकिटापायी एसटीनं जाणं-येणं, अख्खा दिवस बुडायचा. निंदणाच्या दिवसांत तर जमतच नव्हतं. मग स्पीड पोस्ट धरलं.

आतापर्यंत चाळीसेक पाकिटं गेली, एकही हरवलं नाही. पावतीवरचा १३ अक्षरी क्रमांक मी गिऱ्हाइकाला पाठवते, माल कुठवर आला ते त्यांचं तेच पाहतात. पुण्याच्या एका ताईंचा रात्री फोन आला, “पोहोचली हो हळद, वास घरभर सुटला.” लय बरं वाटलं.

खरी शिकवण पोस्टमास्तरताईंनी दिली. दर वजन आणि अंतरावर ठरतो, आणि ५०० ग्रॅमच्या वर दर ५०० ग्रॅमला टप्पा बदलतो. एक किलो हळद पॅकिंगसकट किलोच्या वर जायची आणि पुढच्या टप्प्याचे पैसे लागायचे. आता मी ९०० ग्रॅमचंच पाकीट करते.

जुलैत एक पाकीट कोपऱ्यात फाटलं. पिशवी पातळ होती, चूक माझीच. त्या ताईंना दुसरं पाठवलं. आता जाड पिशवी दोनदा सील करते. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षेच्या सरकारी नोंदणीचा, १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापायला मात्र विसरू नका.

शेजारच्या काकूंना कुरड्या पाठवायच्या आहेत, सोमवारी त्यांना सोबत नेणार आहे.