पाच-इन-वन रिफ्लेक्टर नऊ महिने वापरला, आपल्याकडच्या उन्हात काय कामी आलं ते सांगतो

रिफ्लेक्टर म्हणजे फोटो काढताना चेहऱ्यावर उजेड वळवायला किंवा ऊन गाळायला धरतात तो कापडी पडदा. मागच्या पोळ्याच्या आठ दिवस आधी घेतला होता, ११० सेंटीमीटरचा, घडी होणारा गोल. आत पांढरं पातळ कापड आणि वरून चढवायचं कव्हर, त्याला चांदी, सोनेरी, पांढरी, काळी अशा चार बाजू. आता मे सुरू आहे, म्हणजे तान्हा पोळ्यातल्या पोरांपासून परवाच्या हळदीपर्यंत सगळं यावरच झालं. माझं काम यवतमाळकडच्या खेड्यांत, साक्षगंध, लग्न, प्रीवेडिंग, आणि इथं लोकांना फोटो पाहिजे वावरात अन् वेळ मिळते ती भर दुपारची, त्यामुळं सकाळ-संध्याकाळच्या कोवळ्या उजेडाची वाट पाहत बसणं आपल्याला जमतच नाही.

घेतला होता चांदीसाठी आणि सगळ्यात कमी वापरली ती चांदीच.

नोव्हेंबरात एका घरी कापूस वेचणी चालू होती, तिथली आजी, सत्तरीच्या पुढची, कमरेला ओटी बांधून पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या झाडांत, उभी. मी समोरून चांदी मारली तर तिच्या डोळ्यांतून पाणीच यायला लागलं, म्हणाली, "बाप्पा, डोये दिपून रायले ना माये!" मला लय वाईट वाटलं. कव्हर काढून टाकलं अन् नुसतं पांढरं कापड पुतण्याला तिच्या डोक्यावर धरायला लावलं, सूर्य आणि तिच्या मधात, डोक्यापासून हात-दीड हात वर. नाकाखाली पडलेली काळी सावली गेली, डोळ्यांच्या खोबणीतला अंधार गेला, आणि तिनं आपोआप डोळे पूर्ण उघडले. "आता सावलीत बसल्यावाणी वाटते." तोच फोटो आज त्यांच्या ओसरीत लागलेला आहे, चेहऱ्यावरची एकेक सुरकुती दिसते पण कुठंच कडक नाही.

तर भाऊ, कापड जितकं जवळ तितका उजेड मऊ, पुतण्याचा हात थकला आणि त्यानं वर-मागं नेलं की सावलीची कडा परत धारदार होते. पण यात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे एवढ्या गोलात डोकं अन् खांदेच झाकले जातात, उभा पूर्ण फोटो घ्यायला गेलं की कमरेखाली ऊन आणि वर सावली, ते फार विचित्र दिसते. दुसरं, कापड एक ते दीड स्टॉप उजेड खाते (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे चेहऱ्यावर एक्स्पोजर धरलं की मागचं उन्हातलं सगळं तेवढंच जास्त उजळते. म्हणून मागं गडद काहीतरी शोधायचं, दाट लिंबाची सावली, विहिरीचा काळा दगड, किंवा नांगरलेली काळी माती.

हीच काळी माती मात्र पायाखाली असली की त्रास देते, कारण ती खालून काहीच उजेड परत देत नाही आणि हनुवटीखाली अंधार राहते. त्यावरचा इलाज मला कापसाच्या ढिगाजवळ सापडला. नवरीला अंगणातल्या कापसासमोर बसवलं आणि खालून जो पांढरा मऊ उजेड आला तो कुठल्याच चांदीनं येत नाही. कापूस नसला तर पांढरी बाजू मांडीवर ठेवायची, किंवा चुन्याच्या भिंतीकडं तोंड करून उभं करायचं, आपण मात्र दोघंही सावलीत.

आता ५० एमएमची लेन्स उघडी ठेवून वापरणाऱ्यांसाठी. आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, अन् एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं, उजेड जास्त. भर उन्हात आयएसओ १०० ला एफ १६ वर शटर साधारण १/१०० सेकंद लागते, या हिशेबानं एफ १.८ ला १/८००० च्या आसपास पाहिजे, अन् माझ्या कॅमेऱ्यात १/४००० च्या वर नाही. मी एफ २.८ ला १/३२०० वर काम करतो, कापडाखाली तर अजून सोपं होते.

लिंबाखाली पानांचा हिरवा रंग गालावर येते, तिथं काळी बाजू पानांच्या दिशेनं धरली की बराच कमी होते. काळ्या बाजूचं हे काम मला सहा महिन्यांनी कळलं. सोनेरी बाजू हळदीत अजिबात नको, आधीच पिवळा चेहरा पार बिघडते. चांदी फक्त संध्याकाळी पाचनंतर, सूर्य फोटोतल्या माणसाच्या पाठीमागं घेऊन, आठ-दहा फुटांवरून.

तक्रारी आहेत. तिसऱ्याच महिन्यात कव्हरची चेन गेली, विकणाऱ्यानं फोन उचलणं बंद केलं, शेवटी गावच्या टेलरकडून नवी बसवून घेतली ती आजपर्यंत टिकली. आणि वारा. फाल्गुनात पळसाखाली एकदा असा झोत आला की पुतण्यासकट गोल धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गेला, तेव्हापासून एकट्यानं धरायला देत नाही, एक जण वरची कडा, एक जण खालची. स्टँडवर लावायचा विचारही करू नका, पडला तर सरळ माणसाच्या डोक्यावर.

८० वाला स्वस्त मिळते पण जोडीच्या फोटोत दुसऱ्याचा कान उन्हात राहते, ११० च घ्या. मी यंदाच्या पोळ्याआधी लांबट, उभा माणूस झाकणारा घेणार आहे, बैलासोबत कास्तकाराचा फोटो त्याशिवाय होत नाही.