मल्टी दोन चौकटविरुद्धचा सराव: ब्रिज बेस ऑनलाइनचं टेबल कितपत उपयोगी?

ब्रिजच्या टेबलावर प्रतिस्पर्ध्यानं ‘दोन चौकट’ म्हणून बोली उघडावी, अर्थ विचारला की ‘कमजोर हात, सहा बदाम किंवा सहा इस्पिक’ असं उत्तर यावं, आणि आपल्या भिडूशी याबद्दल एक अक्षरही ठरलेलं नसावं. क्लबातल्या कितीतरी जोड्यांची ही अवस्था आहे. ‘मल्टी’ नावाची ही बोली रीस आणि फ्लिंट या ब्रिटिश खेळाडूंनी 1960च्या दशकात आणली. तेव्हापासून तिच्यावरचे बचाव, म्हणजे तिला कुठल्या बोलीनं उत्तर द्यायचं याच्या रीती, छापून तयार आहेत, पण ते पाठ करून भागत नाही. प्रत्यक्ष खेळात ही बोली इतकी क्वचित येते की पाठ केलेलं वेळेवर आठवत नाही. म्हणून मी आणि माझी भिडू ब्रिज बेस ऑनलाइन या संकेतस्थळावरच्या सरावाच्या टेबलावर हाच एक विषय घेऊन बसतो. हा अभिप्राय त्या सोयीबद्दल आहे. तिथल्या स्पर्धांबद्दल इथे काही म्हणायचं नाही.

सोय अशी की पानं कशी वाटायची ते आपण ठरवू शकतो. कोणत्या हाताला किती पॉइंट (मोठ्या पानांची किंमत), कोणत्या रंगाची किती पानं, या अटी घातल्या की त्या अटीत बसणारेच डाव येतात. साध्या खिडकीत ‘बदाम किंवा इस्पिक’ असा पर्याय बसत नाही. त्यासाठी स्क्रिप्ट लिहायची जागा आहे: पश्चिमेला 5 ते 10 पॉइंट आणि दोन्ही मेजरपैकी (बदाम, इस्पिक) एकात सहा पानं, एवढं लिहिलं की झालं. ती भाषा पहिल्यांदा परकी वाटते, पण एकदा जमवलेली स्क्रिप्ट जपून ठेवता येते. हंगामात एखाद्या वेळी भेटणारी बोली मग एका बैठकीत लागोपाठ भेटते.

आम्ही बचाव साधाच ठेवलाय. ताबडतोब डबल (त्यांच्या बोलीची किंमत दुप्पट करणारी बोली) म्हणजे 13 ते 15 पॉइंटचा समतोल, चारही रंग साधारण सारखे असलेला हात, किंवा कुठलाही फार मोठा हात. दोन बदाम, दोन इस्पिक नैसर्गिक, म्हणजे खरोखर तोच रंग. दोन नो ट्रम्प (हुकमाशिवायची बोली) म्हणजे 16 ते 18. हे पाच मिनिटांत पाठ होतं. सराव लागतो तो पुढच्या फेरीला, आणि या टेबलानं आम्हाला खरं शिकवलं ते तिथेच.

एक डाव दाखवते. माझ्याकडे इस्पिक एक्का-राणीसह चार, बदाम एकच, चौकट राजा-गुलामसह चार, किल्वर एक्क्यासह चार. 14 पॉइंट. उजवीकडून दोन चौकट. हात घसघशीत आहे, डबल द्यायला बोटं शिवशिवतात. पण रंग कुठला ते अजून कळलेलं नाही. उघडणाऱ्याकडे इस्पिक असतील तर माझे एक्का-राणी त्याच्या मागे बसलेत, मग त्यांनी खेळावं आणि आम्ही पाडावं हेच मला हवं. म्हणून पास. डावीकडून दोन बदाम, म्हणजे ‘हाच रंग असेल तर पास कर, नसेल तर बदल’. भिडूचा पास, उघडणाऱ्याचाही पास. आता रंग उघड झाला, आणि आता मी डबल दिला की त्याचा अर्थ टेकआउट, म्हणजे ‘भिडू, तुझा रंग सांग’. भिडूकडे बदामचे राजा-गुलाम धरून चार पानं होती. तिनं पास करून डबल तसाच ठेवला आणि प्रतिस्पर्धी दोन हातांनी (ट्रिक) कमी पडले. हे ‘आधी पास, मग डबल’ कागदावर एका ओळीचं आहे. अंगवळणी पडायला असे डाव एकापाठोपाठ एक यावे लागतात.

थांबण्याची किंमतही इथेच कळली. डावीकडचा दोन बदामऐवजी थेट तीन बदाम म्हणाला की चौथ्या जागेवरची भिडू तिसऱ्या पातळीवर अडकते. त्यामुळे समतोल 14 असेल तर ताटकळत बसायचं नाही, लगेच डबल द्यायचा, हा निर्णय आम्ही असे डाव बघूनच पक्का केला.

अलर्टची पद्धत मला मनापासून आवडते. इथे बोली देणारा स्वतःच अर्थ लिहितो. तो प्रतिस्पर्ध्यांना दिसतो, त्याच्या भिडूला दिसत नाही. आपला डबल आपण नेमका कशासाठी दिला हे लिहावं लागतं, आणि डाव संपल्यावर दोघींची समजूत एकच होती का ते लगेच कळतं. आमची बरीचशी चर्चा तिथूनच निघाली.

उणीव मोठी आहे: रोबो. तिथला रोबो जिब दोन चौकट म्हणतो ती कमजोर आणि चौकटचीच. मल्टी त्याला येत नाही. म्हणजे विरुद्ध बाजूला मल्टी खेळायला तयार असलेली माणसं लागतात, आणि अशी जोडी जमवणं हेच सगळ्यात कठीण काम. डावानंतर जिबचं बटण दाबून कुठला करार बनतो ते बघता येतं, पण बोलीचा न्याय त्यावरून करू नये. तो चारही हात बघून बोलतो. चांगली बोली एखाद्या डावात पडतेच.

प्रिसिजन या बोलीपद्धतीतल्या एक किल्वर या मोठ्या हाताच्या बोलीसाठीही हेच टेबल वापरतो. उघडणाऱ्याला 16 किंवा जास्त पॉइंट द्यायचे, बस्स. आम्ही माथे नावाचा बचाव खेळतो: डबल म्हणजे दोन्ही मेजर, एक नो ट्रम्प म्हणजे दोन्ही मायनर (चौकट, किल्वर). तिथे हेतू त्यांची जागा खाण्याचा असतो, त्यामुळे विचार सोपा. विल्कोश ही पोलिश बोली मात्र वेगळं प्रकरण आहे. कमजोर 5-5, निदान एक मेजर, आणि ठरावीक रंग एकही नाही. जागतिक ब्रिज महासंघाच्या नियमांत ती ‘ब्राउन स्टिकर’ या खास बंधनं असलेल्या बोलींच्या वर्गात आहे आणि तिच्याविरुद्धचा लेखी बचाव टेबलावर बघता येतो. मल्टीला त्या वर्गातून सूट आहे, म्हणून आम्ही आधी मल्टी घोटली.

स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांना एकच सांगणं. तुमच्या विरुद्धची मंडळी मल्टीत 20-22चा समतोल हातही घालत असतील, तर तोही अटींत टाका. नुसते कमजोरच हात वाटत राहिलात तर प्रत्येक दोन चौकटवर बिनधास्त डबल द्यायची सवय लागते, आणि स्पर्धेत नेमका त्याच दिवशी समोर मोठा हात निघतो.