लव्हबर्डचा तयार संच: जोडी, पिंजरा, मटकी आणि राळ्याची पिशवी

पक्ष्यांच्या दुकानात लव्हबर्ड मागितले की बहुतेक ठिकाणी एकच ठरलेला संच पुढे येतो. दोन पक्षी, दीड फुटाचा तारेचा पिंजरा, आत घरटे म्हणून टांगलेली मातीची मटकी, दोन प्लास्टिकच्या वाट्या, एक आरसा, एक घुंगरू, समुद्रफेनाचा तुकडा आणि किलोभर राळे. दुकानदार म्हणतो, 'घरी नेऊन टांगा, झालं.' यातला पक्षी खरोखर उत्तम आहे: हुशार, धीट, माणसात रमणारा आणि नीट सांभाळला तर 10 ते 15 वर्षे जगणारा. संच मात्र त्याच्या गरजा पाहून बांधलेला नाही. त्यातल्या निम्म्याहून जास्त वस्तू दुकानातच ठेवून याव्यात, आणि मटकी तर नक्कीच.

आधी पक्षी कोणता ते बघा. आपल्याकडे लव्हबर्ड म्हणून सर्रास विकला जातो तो बजरीगर, म्हणजे ऑस्ट्रेलियाचा लांब शेपटीचा, पाठीवर काळ्या लाटा असलेला छोटा पोपट. तो गोड आणि स्वस्त आहे, पण लव्हबर्ड नव्हे. खरा लव्हबर्ड आफ्रिकेचा. त्याच्या एकूण नऊ जाती, त्यांतली एक मादागास्करची. शेपूट आखूड, चोच जाड, बांधा ठेंगणा, लांबी 13 ते 17 सेंटिमीटर, वजन साधारण 40 ते 60 ग्रॅम. आपल्या बाजारात मुख्यतः दोन जाती दिसतात. पीचफेस मूळचा नामिबियाच्या कोरड्या प्रदेशातला. त्याची चोच फिकट हस्तिदंती आणि मूळ रंगात कमरेवर निळा पट्टा. फिशर टांझानियातला; लालभडक चोच आणि डोळ्याभोवती ठळक पांढरे कडे. रंगांचे प्रकार कितीही असले तरी चोच आणि डोळ्याचे कडे पाहिले की जात सहसा कळते.

हा फरक कागदपत्रांसाठीही महत्त्वाचा आहे. वन्यजीव कायद्यातील 2022 च्या दुरुस्तीनंतर सायटिस (CITES) या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या परदेशी प्राण्यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, आणि त्याचे नियम 2024 मध्ये आले. पीचफेस त्या यादीत नाही, फिशर आहे. म्हणून फिशर घेताना पावती आणि नोंदीचे कागद मागा; दुकानदार टाळाटाळ करत असेल तर तो पक्षी घेऊ नका. बोलणारा पक्षी हवा म्हणून कुणी आपला देशी हिरवा पोपट देऊ केला तर त्याला हातही लावू नका. तो पाळणे 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. लव्हबर्ड बोलण्यासाठी घ्यायचा पक्षीच नाही. क्वचित एखादा दोन-चार शब्द उचलतो, एरवी त्याची तीक्ष्ण चिवचिव असते, आणि ती सूर्योदयाला व सूर्यास्ताला हमखास वाढते. भिंतीला भिंत लागलेल्या फ्लॅटमध्ये हे आधीच लक्षात घ्या.

'नर-मादी पक्की जोडी' या शब्दावर विश्वास ठेवू नका. पीचफेस आणि फिशरमध्ये नर-मादी दिसायला सारखे असतात. बजरीगरच्या नराच्या नाकावर निळी पट्टी असते, तशी खूण इथे नाही. कमरेची हाडे चाचपून दिलेला निर्वाळा अनेकदा चुकतो. पिसावरून डीएनए चाचणी होते आणि ती भारतात सहज मिळते. दोन माद्या एकत्र आल्या तर रक्तबंबाळ भांडणे होतात. तीन पक्षी ठेवले तर दोघे मिळून तिसऱ्याला मारतात. बजरीगरबरोबर तर ठेवूच नयेत, लव्हबर्ड त्यांची बोटे तोडतो. 'एक मेला की दुसरा विरहाने मरतो' हेही खरे नाही. दुसरा गप्प होतो, काही दिवस कमी खातो आणि सावरतो. मात्र पाठोपाठ दोन्ही गेले तर कारण बहुधा संसर्गाचे किंवा विषबाधेचे असते, ते शोधायलाच हवे.

एक की दोन? घरात रोज दोन-तीन तास वेळ देणारे माणूस असेल तर एकटा पक्षी आनंदात राहतो आणि माणसाळतो. सगळे दिवसभर बाहेर असतील तर जोडीच हवी, पण मग ती एकमेकांत रमणार, हातावर येईलच असे नाही.

दुकानात पाच मिनिटे लांबून उभे राहून बघा. फुगून बसलेला, दिवसा दोन्ही पाय टेकवून झोपलेला, श्वासागणिक शेपूट वरखाली करणारा पक्षी आजारी आहे. डोळे कोरडे, नाकपुड्या स्वच्छ आणि शेपटीखालची पिसे डागविरहित हवीत. हातात घेऊन छातीचे मधले हाड चाचपा. ते सुरीच्या धारेसारखे लागले तर पक्षी उपाशी किंवा आजारी आहे. पीचफेसच्या पिल्लाच्या चोचीच्या मुळाशी काळसर डाग असतो, त्यावरून कोवळे वय कळते. पायात बंद कडी असेल तर तिच्यावर बहुधा जन्मवर्ष कोरलेले असते.

'हँडफीड पिल्लू' म्हणून सिरिंजसकट विकली जाणारी, स्वतः दाणे न टिपणारी पिल्ले घेऊ नयेत. त्यांची पेज 39 ते 41 अंशांच्या बाहेर गेली की घोटाळा होतो: गार असेल तर गळ्याच्या पिशवीत अन्न आंबते, गरम असेल तर पिशवी भाजते, आणि सिरिंज चुकीच्या कोनात गेली तर पेज श्वासनलिकेत जाते. साधारण आठ आठवड्यांचे, स्वतः खाणारे पिल्लूसुद्धा छान माणसाळते. घरी आधीचे पक्षी असतील तर नव्याला किमान 30 दिवस वेगळ्या खोलीत ठेवा, आणि त्याचे काम सगळ्यात शेवटी करा.

आता पिंजरा. संचातला दीड फुटाचा पिंजरा पक्षी घरी न्यायला ठीक, राहायला नाही. जोडीला कमीत कमी 32 इंच लांब, 20 इंच खोल आणि 20 इंच उंच जागा द्या. लांबी महत्त्वाची, कारण पक्षी आडवा उडतो. उंच आणि अरुंद किंवा गोल पिंजरा दिसायला सुंदर, पण उडायला निकामी. दोन तारांमधले अंतर अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको, नाहीतर डोके अडकते. गॅल्व्हनाइज्ड जाळी असेल तर तिच्यावरचे जस्ताचे पापुद्रे आणि गोळे चोचीने सोलून खाल्ले जातात व विषबाधा होते. अशी जाळी व्हिनेगर आणि ताठ ब्रशने घासून, धुऊन, उन्हात वाळवून मगच वापरा. परवडत असेल तर चांगला पावडर कोटिंगचा किंवा स्टेनलेस स्टीलचा पिंजरा घ्या. वर सरकणारी दारे लव्हबर्ड चोचीने उचलतो, म्हणून प्रत्येक दाराला हूक लावा, वाट्यांच्या छोट्या दारांनाही.

आतल्या दांड्या एकसारख्या गोल प्लास्टिकच्या असतात. तळव्याच्या एकाच जागी भार येऊन तिथे घट्टा पडतो आणि पुढे जखम चिघळते. त्या काढून फवारणी न झालेल्या पेरूच्या किंवा कडुलिंबाच्या फांद्या लावा, जाडी 12 ते 16 मिलिमीटर, पण मुद्दाम कमीजास्त. साल ते सोलतात. तेच त्यांचे खेळणे. सँडपेपरची दांडी नखे घासत नाही, तळवे सोलते. आरसाही काढा: एकटा पक्षी प्रतिबिंबालाच जोडीदार समजून त्याला भरवू लागतो, माणसापासून तुटतो. घुंगराच्या फटीत बोट अडकते. त्याऐवजी नारळाची करवंटी, मक्याच्या कणसाची साले, कोऱ्या कागदाच्या पट्ट्या द्या. सुती दोर टाळा, त्याचे धागे बोटांना आवळतात.

मटकीबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण सर्वांत जास्त माद्या तिच्यामुळे जातात. लव्हबर्डला अंधारी पोकळी दिसली की शरीर विणीला लागते. मादी कागदाच्या पट्ट्या कापू लागते. पीचफेसची मादी त्या कमरेच्या पिसांत खोचून नेते, फिशरची चोचीतून. मग एकाआड एक दिवस अशी चार ते सहा अंडी, सुमारे 23 दिवस उबवण, साधारण सहा आठवड्यांनी पिल्ले घरट्याबाहेर. नुसत्या राळ्यावर जगणाऱ्या मादीच्या अंगात एवढ्या अंड्यांपुरते कॅल्शियम नसते. एखादे अंडे आत अडकते. ती पिंजऱ्याच्या तळाशी पाय फाकवून बसते, जोर करते, शेपूट हलत राहते. हे दिसले की तिला 30 अंशांच्या आसपास उबेत ठेवा आणि काही तासांतच पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्या. तेल लावणे, पोट दाबणे हे उपाय करू नका; आत अंडे फुटले तर मादी वाचत नाही. नर नसला तरी मादी अंडी घालते, हेही अनेकांना माहीत नसते.

पिल्ले वाढवायचा ठाम विचार, जागा आणि डीएनए अहवाल नसेल तर मटकी लावूच नका. पिंजऱ्यातल्या लव्हबर्डला झोपायला घरटे लागते हा समज चुकीचा आहे, तो फांदीवर झोपतो. मटकी काढूनही मादी अंडी घालत राहिली तर रात्रीचा अंधार सलग 12 तास करा, कागद काढून घ्या, पाठीवरून हात फिरवणे बंद करा. घातलेली अंडी लगेच उचलू नका, नाहीतर ती आकडा भरून काढायला आणखी घालते.

राळ्याची पिशवी, जिला दुकानात कांगणी म्हणतात, ती वाईट नाही, पण एकटी पुरत नाही. तिच्यात अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम फार कमी. राळे, बाजरी आणि थोडी करडई असे मिश्रण करा. सूर्यफूल फक्त हातातून, बक्षीस म्हणून. एका पक्ष्याला दिवसाला दोन सपाट चहाचे चमचे पुरतात, शक्य असेल तर त्यातले अर्धे पेलेट, म्हणजे पक्ष्यांसाठीच्या तयार खाद्याच्या गोळ्या. सकाळी आधी भाजी: शेवग्याचा पाला, कोथिंबीर, मेथी, किसलेले गाजर, ढोबळी मिरची, कोवळे कणीस. उरलेली भाजी दोन-तीन तासांत काढा. अ‍ॅव्होकाडो, चॉकलेट, कांदा-लसूण, चहा-कॉफी आणि फरसाण कधीच नको. वाटीतले कोंडे रोज फुंकून टाका: वर टरफलांचा थर असतो, मालकाला वाटी भरलेली वाटते आणि खाली एक दाणा नसतो. भरल्या वाटीसमोर पक्षी उपाशी मरतात ते असे. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात किलोभर राळे आणूच नका. दमट दाण्याला बुरशी धरते आणि तिचे विष यकृत खाते. 15 दिवसांपुरतेच आणा, घट्ट डब्यात ठेवा, कुबट वास आला तर फेका.

संचातली खरोखर उपयोगी वस्तू म्हणजे समुद्रफेन. कॅल्शियम मिळते, चोच घासते. मऊ बाजू आत करून तारेला बांधा. वाळूची पुडी नको, कारण लव्हबर्ड दाणा सोलून खातो, त्याला पचनासाठी खडे लागत नाहीत. पाण्यात टाकायचे व्हिटॅमिनचे थेंबही नको, त्याने पाणी लवकर नासते. प्लास्टिकच्या वाट्या कुरतडल्या जातात, स्टीलच्या घ्या.

पिंजरा कुठे ठेवायचा? स्वयंपाकघरात कधीही नाही. नॉनस्टिक तवा रिकामा तापला की त्याचा वायू काही मिनिटांत पक्षी मारतो, माणसाला वासही येत नाही. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल यांचा धूर त्या खोलीत नको. दिवाळीत खिडक्या लावून आतल्या खोलीत ठेवा. उघड्या बाल्कनीत कावळा, मांजर, उंदीर येतात आणि कबुतरांची विष्ठा पडते. विदर्भातल्या उन्हाळ्यात चोच उघडी ठेवून पंख अंगापासून दूर धरलेला पक्षी दिसला की ताबडतोब गारव्यात न्या आणि अंगावर पाण्याचा बारीक फवारा मारा. कूलरचा थेट झोत मात्र नको. बाहेर सोडण्याआधी छताचा पंखा बंद, खिडक्या बंद, चार्जरच्या वायरी उचललेल्या. चावा जोरात बसतो, तेव्हा ओरडू नका आणि हात झटकू नका. शांतपणे फांदीवर उतरवा आणि दोन मिनिटे लक्ष देऊ नका.

दुकानदार कधीच देत नाही अशी एक गोष्ट मात्र घ्याच: एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला काटा. पक्षी आजार लपवतो, वजन लपवत नाही. दर आठवड्याला, सकाळी खाण्याआधी, काट्यावर छोटी दांडी ठेवून वजन वहीत लिहा. ट्रेमध्ये रोज कोरा कागद घाला आणि उचलताना विष्ठा पाहा. हिरवट-तपकिरी वळी आणि पांढरा ठिपका ठीक, नुसते पाणी किंवा गडद काळा रंग नाही. कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक डॉक्टर पक्षी बघतोच असे नाही, म्हणून पक्षी घेण्याआधीच जवळपास कोण बघतो ते विचारून नंबर ठेवा. 50 ग्रॅमचा पक्षी 45 वर आला तर तो हसता-खेळता दिसला तरी त्याच दिवशी त्या नंबरवर फोन करा.