पुणेकरानं कोणतं घ्यावं: प्रीमियम ट्रॅव्हल कार्ड की एअरलाइनचं कार्ड?

पुण्यात राहून प्रवासासाठी क्रेडिट कार्ड निवडायचं तर आधी लोहगाव विमानतळाचा विचार करा, बँकेच्या माहितीपत्रकाचा नंतर. इथून दिल्ली, बेंगळुरूला भरपूर विमानं आहेत. परदेशी मात्र मोजकीच. धावपट्टी हवाई दलाची आणि लांबीला तोकडी, त्यामुळे लांब पल्ल्याची मोठी विमानं इथून सुटत नाहीत. मुलीकडे न्यू जर्सीला निघालेले कोथरूडचे आईवडील अजूनही गाडी करून आधी मुंबई गाठतात. देशात एक कंपनी, परदेशात दुसरी, आणि दर वेळी ज्याचं तिकीट परवडेल ते विमान, अशीच बहुतेक पुणेकर घरांची रीत. एअरलाइनचं कार्ड, म्हणजे ज्याचे पॉइंट एकाच विमान कंपनीच्या खात्यात जमतात ते, मात्र तुम्ही त्याच कंपनीला धरून राहाल असं गृहीत धरतं.

विकणारा सहसा सांगत नाही अशी एक गोष्ट आहे. विमानप्रवासाचे पॉइंट मिळवायला कार्ड लागतच नाही. एअर इंडियाचा महाराजा क्लब असो की इंडिगोचं ब्लूचिप, सभासदत्व फुकट आहे. हिंजवडीतून ऑफिसच्या कामासाठी सतत दिल्लीला जाणाऱ्यानं बुकिंगमध्ये आपला सभासद क्रमांक टाकायची सवय लावली, तरी निम्मं काम झालं. कार्ड वेगळं काय देतं, तर तुमच्या रोजच्या खर्चावरचे पॉइंट आणि वर काही सवलती. तेव्हा तुलना तेवढ्याचीच करायची.

आता आकड्यांकडे येऊ. प्रीमियम कार्डाचे पॉइंट बँकेकडेच जमतात; उदाहरण म्हणून एचडीएफसी बँकेचं डायनर्स क्लब ब्लॅक मेटल धरू. वार्षिक फी १०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११,८००. दर १५० रुपयांमागे ५ पॉइंट मिळतात आणि बँकेच्या पोर्टलवर विमानाच्या तिकिटासाठी एक पॉइंट एक रुपयाला चालतो. वर्षाला सहा लाख खर्च असेल तर २०,००० पॉइंट झाले. फी वजा जाता ८,२०० रुपये हातात. खर्च साडेतीन लाखांच्या आसपास असेल तर सगळी कमाई फीमध्येच जिरते. आठ लाखांवर पुढच्या वर्षीची फी माफ होते, तिथे खरी मजा सुरू होते. पण हिशेब करताना मागच्या वर्षाच्या स्टेटमेंटमधून घरभाडं, पेट्रोल आणि वॉलेटमध्ये भरलेले पैसे आधी खोडून टाका. अशा खर्चावर बहुतेक बँका पॉइंट देत नाहीत, आणि भाड्यावर तर अनेक ठिकाणी उलट एक टक्का शुल्क लागतं. खोडाखोडीनंतर उरलेला आकडा तीन लाखांच्या आत असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की दोन्ही नकोत. बिनफीचं साधं कार्ड पुरे.

एअरलाइनच्या कार्डाची फी सहसा कमी असते. ठरावीक खर्च पूर्ण केला की काही कार्डांवर त्याच कंपनीचे जादा पॉइंटही मिळतात, आणि ते कुठे वापरायचे हा प्रश्न पडत नाही. हा त्याचा खरा गुण. धोका असा की तुमची सगळी जमा एकाच कंपनीच्या खात्यात अडकते. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेजची उड्डाणं थांबली. माइल्स, म्हणजे विमान कंपनीचे पॉइंट, खात्यात राहिले, पण ज्या विमानांसाठी जमवले ती उडेनात. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. पॉइंट महाराजा क्लबमध्ये गेले खरे, पण ज्या सेवेसाठी लोकांनी ती कार्डं घेतली होती ती कंपनीच उरली नाही. पाच-सहा वर्षांत दोनदा हे घडलेलं पाहिल्यावर एका टोपलीत सगळी अंडी ठेवायचा सल्ला मी कुणाला देणार नाही.

बँकाही काही धुतल्या तांदळाच्या नाहीत. अ‍ॅक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डावर महिन्याला एक लाख खर्चाला मिळणारे २५,००० पॉइंट १ सप्टेंबर २०२३ पासून बंद झाले, आणि पाच पॉइंट बदलून आधी चार माइल्स मिळायचे, ते दोनवर आले. म्हणून कुठलंही कार्ड असो, पॉइंट वर्षानुवर्षं साठवू नका.

परदेशी खर्चात फरक मोठा पडतो. सर्वसाधारण कार्डावर साडेतीन टक्के फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परकी चलनातल्या खर्चावरचं बँकेचं जादा शुल्क, असतो, चांगल्या प्रीमियम कार्डांवर दोन टक्के. दोन लाखांच्या खर्चावर जीएसटीसह हे ८,२६० आणि ४,७२० असं येतं. विमानतळावरच्या मोफत लाउंजचं फार मनावर घेऊ नका. अनेक कार्डांवर आता त्यासाठी मागच्या तिमाहीत ठरावीक खर्च केलेला असावा लागतो.

तरी एअरलाइनचं कार्ड कुणी जरूर घ्यावं? खराडीत राहणारं, दरवर्षी स्वतःच्या पैशानं एकाच कंपनीच्या थेट विमानानं नागपूरला किंवा कोलकात्याला माहेरी-सासरी जाणारं कुटुंब. मार्ग ठरलेला, कंपनी ठरलेली, जमलेले पॉइंट हमखास वापरले जाणार. अशा घराला प्रीमियम कार्डाची मोठी फी भरायचं कारण नाही.

बाकीच्यांनी प्रीमियम कार्ड घेऊन पॉइंट बँकेतच ठेवावेत. एकदा एअरलाइनकडे वळवले की ते परत येत नाहीत, म्हणून हव्या त्या तारखेला पॉइंटवर मिळणारी सीट दिसल्यावरच वळवा. मे महिन्यात आणि दिवाळीत अशा सीट मिळणं कठीण असतं, आणि मिळाली तरी कर व अधिभार पॉइंटऐवजी पैशांनीच भरावे लागतात.