ब्लॅक अँड व्हाइटसाठी प्रिंटर घेताय? आधी ग्रे शाया मोजा

फोटो प्रिंटर घ्यायला गेलं की दुकानात डीपीआय सांगतात, स्पीड सांगतात, पण आत ग्रे शाया किती हे कोणी सांगत नाही आणि ब्लॅक अँड व्हाइटची खरी गोम तिथेच आहे. साध्या सहा कलरच्या टँक प्रिंटरमध्ये (बाटलीतून शाई भरायचा तो) बऱ्याचदा ग्रे शाईच नसते, तो सायन, मजेंटा, पिवळा मिसळून राखाडी बनवतो, मग तीच प्रिंट ट्यूबलाइटखाली हिरवट आणि खिडकीपाशी नेली की गुलाबी दिसते. मी टेस्टला वारीतला एक फोटो वापरतो, पांढरं धोतर, पांढरी टोपी, मागे भरून आलेलं आभाळ. धोतराच्या चुण्या वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत आणि ढगांचा नुसता काळा गोळा होता कामा नये, बस्स.

या टेस्टला माझ्या मते एपसन शुअरकलर पी700 सगळ्यात सरस. 2020 चं मॉडेल आहे, 13 इंच रुंद कागदापर्यंत छापतं, काळ्याशिवाय ग्रे आणि लाइट ग्रे अशा दोन शाया, आणि ड्रायव्हरमधला ॲडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट मोड लावला की बहुतेक काम याच शायांवर होतं, रंगीत शाई टोनपुरती, त्यामुळे चुण्या अगदी सुरेख उतरतात. फोटो ब्लॅक (ग्लॉसी म्हणजे चकचकीत कागदाची काळी शाई) आणि मॅट ब्लॅक (बिनचकाकीच्या कागदाची) यांना वेगळे नोझल आहेत, जुन्या मॉडेलांत कागद बदलला की काळी शाई स्विच करण्यात जी वाया जायची ती भानगडच नाही.

कॅनन प्रो-300 मध्ये ग्रे एकच, पण क्रोमा ऑप्टिमायझर, म्हणजे प्रिंटवर चढणारा पारदर्शक थर, असल्यामुळे ग्लॉसी कागदावर तिरकं धरून बघितलं तरी चकाकी एकसारखी राहते, ग्लॉसीवाल्यांनी हाच घ्यावा. फक्त कार्ट्रिज 14.4 मिलीची, पी700 ची 25 मिली, म्हणजे भरपूर छापणाऱ्याला सारखी बदलावी लागणार. बजेट असेल तर 17 इंची प्रो-1000 बघा, त्यात ग्रे दोन आणि कार्ट्रिज 80 मिलीची.

एवढे पैसे नसतील तर एपसन एल8180, टँकवाला असून ग्रे शाई आहे, अल्बमसाठी मस्त. पण फोटोच्या शाया डाय (विरघळलेला रंग) आहेत, उजेडात पिगमेंटइतक्या (बारीक रंगकणांची शाई, वरच्या तिन्ही प्रिंटरांत तीच) टिकत नाहीत, त्यामुळे भिंतीवर लावायची किंवा कोणाला विकायची प्रिंट असेल तर पिगमेंटच घ्या, आणि कॉटन रॅग म्हणजे सुती मॅट कागदावर काढा. मॅटवर काळा थोडा कमी गडद येतो पण काचेमागे ते खटकत नाही. आणि कुठलाही घ्या, आठवड्यातून एकदा तरी एक प्रिंट काढाच, पिगमेंट नोझलमध्ये वाळली की क्लीनिंगमध्येच निम्मी शाई जाते.