नदीपात्रातले दोन महिने आणि गोडॉक्सचा व्ही८६०-थ्री

पुतणी ढोलपथकात आहे. गणपतीच्या आधी दोन महिने रोज संध्याकाळी नदीपात्रात सराव असतो. तिला स्कूटरवरून सोडायचं, दोन तास थांबायचं आणि परत आणायचं हे काम माझ्याकडे. रिकामं बसण्यापेक्षा कॅमेरा न्यायला लागले. उजेड म्हणजे बांबूला बांधलेले दोन हॅलोजन. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, ६४०० करूनही गेल्या वर्षी सगळ्यांच्या हातांचा नुसता धूर झाला, टिपरू (ढोल वाजवायची काठी) कुठेच दिसेना. म्हणून यंदा गोडॉक्स कंपनीचा व्ही८६०-थ्री हा फ्लॅश घेतला. माझा कॅमेरा निकॉनचा डी७५००, त्यामुळे निकॉनसाठीचा.

सगळ्यात आधी बॅटरीचं सांगते, कारण पैसे तिच्यासाठी मोजले. आधीचा फ्लॅश चार पेन्सिल सेलवर चालायचा. पूर्ण ताकदीचा एक फ्लॅश मारला की तो पुन्हा तयार झाल्याची शिट्टी वाजेपर्यंत ठेक्याचं अख्खं आवर्तन निघून जायचं. यात लिथियम बॅटरी आहे. कंपनी पूर्ण ताकदीचे ४८० फ्लॅश आणि दीड सेकंदात पुन्हा तयार असं म्हणते. मी मोजत बसले नाही. पण मी पूर्ण ताकदीच्या १/१६ किंवा १/३२ वरच असते आणि सरावात बॅटरी कधी संपली नाही.

कमी ताकदीवर का, तर हालचाल त्यानेच गोठते. मला वाटायचं, जोरात झोत मारला की हात थांबेल. आहे उलटं. पूर्ण ताकदीला झोत साधारण १/३०० सेकंद रेंगाळतो, १/१२८ ला तोच १/२०००० सेकंदात आटपतो. अंधारात शटरपेक्षा हा वेळ महत्त्वाचा. म्हणून जवळ जायचं आणि ताकद उतरवायची.

पण नुसतं गोठवून ढोल दिसतो, वाजताना दिसत नाही. दिवाणखान्यात ठेवल्यासारखा दिसतो! त्यावर उपाय म्हणजे रिअर कर्टन सिंक, म्हणजे फ्लॅश शटर उघडताना न पडता मिटताना पडतो. कॅमेऱ्यावरचं फ्लॅशचं बटण दाबून चकती फिरवली की झालं. शटर १/१५ सेकंद ठेवते. आधी हॅलोजनच्या उजेडात टिपऱ्याची रेघ उमटते, आणि शटर मिटताना फ्लॅश पडून टिपरू जागच्या जागी स्पष्ट येतं. शटर उघडतानाच फ्लॅश पडतो त्या साध्या पद्धतीत रेघ टिपऱ्याच्या पुढे जाते, हात मागे ओढल्यासारखा वाटतो. एक खोच आहे. टीटीएलवर, म्हणजे ताकद कॅमेराच ठरवतो तेव्हा, शटर उघडण्याआधी मोजणीचा एक बारीक झोत पडतो, आणि पोरं त्यालाच फोटो समजून चेहरा सोडतात. मॅन्युअलवर, म्हणजे ताकद आपण ठरवली की, तो पडत नाही.

आणि फ्लॅशच्या काचेवर लावायचं नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, हवंच. नाहीतर चेहरे निळसर पांढरे आणि मागचं सगळं पिवळं. जेल लावून पूर्ण ताकदीवर मारत राहू नका, काचेपाशी बरीच उष्णता असते, ते वितळतं. घाईत काचेवर बोटही ठेवू नका.

आता माझी फजिती. दुसऱ्याच दिवशी मी ताशावाल्याच्या समोर बसून फ्लॅश मारला. त्याचा ठेका चुकला, आणि ताशा चुकला की चाळीस ढोल चुकतात. पथकाचा दादा आला, अगदी आदराने म्हणाला, "काकू, समोरून नका मारू, काडी दिसत नाही त्याला." लाजच वाटली. तेव्हापासून फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवला. बाजूला, डोक्याच्या वर, झोत ढोलाच्या पानाकडे, म्हणजे वाजवायच्या पडद्याकडे. यासाठी कॅमेऱ्यावरून फ्लॅशला इशारा देणारा ट्रान्समीटर मी वेगळा विकत घेतला, तो खोक्यात नसतो, हे घेण्याआधी धरून चाला. मोकळ्या नदीपात्रात झोत आपटवायला छत कुठलं, म्हणून उजेड मऊ करायला पुतणीच्या मैत्रिणीला पांढरी छत्री धरायला लावते. वारा सुटला की दोघी छत्रीमागे धावतो.

ध्वज नाचवणाऱ्यावर मात्र बाजूनेही नाही. क्षणभर डोळे दिपले आणि बांबू निसटला तर कोणाच्या डोक्यात जाईल? मिरवणुकीत घोडा दिसला तरी बंद. मल्टी मोडमध्ये फ्लॅश एकापाठोपाठ अनेक झोत मारतो आणि एका फोटोत टिपऱ्याच्या आठ जागा उमटतात, मजा येते. पण तसे भराभर झोत काही जणांना फिट आणू शकतात. विचारून, एकट्यावर, एकदाच केलं. आणि भाच्याच्या बॅडमिंटनला फ्लॅश नेतच नाही, तिथे तो मारायचा नसतो.

पाऊस आला की सरळ पिशवीत, पाणी सोसणारं हे यंत्र नाही. अनंत चतुर्दशीला ही अडचण होणार, कारण मिरवणूक सकाळी निघते ती दुसऱ्या दिवसापर्यंत चालते आणि पाऊस हमखास गाठतो.

घ्यावा का? रात्रीची हालचाल टिपायची असेल तर घ्या. घरातल्या वाढदिवसांसाठी मात्र एवढे पैसे घालू नका. परवाच्या एका फोटोत पुतणीचा चेहरा लख्ख आहे आणि टिपऱ्याची नारिंगी कमान खांद्यापासून पानापर्यंत आली आहे. मी खूश. तिने मोबाइल हातात घेतला, फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाली, "काकू, घाम किती दिसतोय गं."